कोपर्निकस ब्राउझर: फुकटचे सॅटेलाईट फोटो, सोलापुरातून दोन वर्षं वापरून सांगतोय

मी ठिबकची कामं घेतो. राहायला सोलापुरात, काम मोहोळ, माढा, मंगळवेढा, पंढरपूर असं सगळीकडं. गेली दोन वर्षं सकाळी चहाबरोबर पहिलं काय उघडत असेन तर ही कोपर्निकस ब्राउझर नावाची वेबसाईट, आणि ज्याला त्याला तोंडी सांगून सांगून शेवटी म्हटलं एकदा नीट लिहूनच काढू, म्हणजे ज्यांचा ऊस, डाळिंब, ज्वारी काय असेल त्यांना उपयोग होईल आणि ज्यांचं शेत नाही त्यांनापण कळेल की आपल्या डोक्यावरून दर चार-पाच दिवसांनी काय जातंय.

आधी वस्तू काय आहे ते. युरोपियन युनियनचा कोपर्निकस नावाचा कार्यक्रम आहे, त्यात सेंटिनेल नावाचे उपग्रह आहेत, ते युरोपियन स्पेस एजन्सीनं बनवून घेतलेत, आणि त्यांनी काढलेले फोटो या साईटवर जगात कुणीही बघू शकतो. पैसे शून्य. मोठा फोटो उतरवून घ्यायचा तर ईमेल देऊन खातं काढायचं, तेपण फुकट. गावाचं नाव टाकायचं, कॅलेंडरमधून तारीख निवडायची, ढग किती चालतील ते ठरवायचं, की आपलं शिवार समोर. लॅपटॉपवर बघा, मोठ्या स्क्रीनवर जास्त कळतं.

शेतीसाठी मुख्य उपग्रह म्हणजे सेंटिनेल-२. पहिला २०१५ ला गेला, दुसरा २०१७ ला, जमिनीपासून ७८६ किलोमीटरवर फिरतात, एका फेरीत २९० किलोमीटर रुंदीचा पट्टा टिपतात. आपल्याकडं सकाळी अकराच्या आसपास येतो, ही वेळ बदलत नाही, कारण त्याची कक्षाच अशी लावलीय की रोज ऊन साधारण त्याच कोनातून पडावं आणि आजचा फोटो मागच्या फोटोशी ताडून बघता यावा. त्यात १३ प्रकारचा उजेड वेगवेगळा मोजतात, आपल्या डोळ्याला त्यातला मोजकाच दिसतो. निरोगी पान लाल उजेड पिऊन घेतं आणि त्याच्या पलीकडचा, आपल्याला न दिसणारा उजेड जोरात परत फेकतं. या दोन्हींचा हिशोब म्हणजे एनडीव्हीआय. पीक ताणात आलं की हा हिशोब बिघडतो, आणि पुष्कळदा बांधावरून बघणाऱ्याला काही कळायच्या आधी बिघडतो.

आता माझ्या कामातलं एक उदाहरण सांगतो म्हणजे पटेल. मोहोळ तालुक्यात एका आबांचा अडीच एकर खोडवा ऊस होता, ठिबक मीच केलेलं. आबांचं म्हणणं ऊस सगळा एकसारखा आहे, आणि बांधावरून तसा दिसतपण होता, कारण पुढच्या सऱ्या चांगल्या उंच होत्या आणि आत कोण जातंय. मी घरी बसून एनडीव्हीआय लावला तर गर्द हिरव्या फडाच्या पूर्वेच्या कडेला दोन चौकोन रुंद आणि सात-आठ चौकोन लांब असा फिकट पट्टा. एक चौकोन म्हणजे १० मीटर बाय १० मीटर, म्हणजे एकरात साधारण ४० चौकोन बसतात, तेव्हा हा पट्टा चौदा-पंधरा गुंठ्यांचा झाला. मागच्या तारखा बघत गेलो तर पट्टा दीड महिन्यापासून हळूहळू वाढत आलेला.

दुसऱ्या दिवशी गेलो, पाचटातून वाट काढत शेवटपर्यंत पोचलो. सबमेनच्या, म्हणजे शेतातल्या मोठ्या पाईपच्या, टोकाचा गाळ बाहेर सोडायचा फ्लश व्हॉल्व्ह मातीत गाडला गेला होता, लागणीपासून बहुतेक कुणी उघडलाच नसेल. उकरून उघडला तर आधी नुसती हवा, मग तांबडा गाळ, आणि मग बोटभर जाड साय धरलेलं बुळबुळीत पाणी आलं बाहेर, बादलीभर तरी असेल. शेवटच्या लॅटरल, म्हणजे ओळीतल्या बारीक नळ्या, हातात घेतल्या तर ड्रिपरच्या तोंडाला पांढरं कवच, नखानं खरवडलं की चुन्यासारखं निघत होतं. आपल्याकडं बोअरच्या पाण्याला क्षार असतातच. फिल्टर साफ केला, अ‍ॅसिड सोडलं, सगळ्या लॅटरल टोकाकडून फ्लश केल्या. पुढच्या चार फोटोंत, म्हणजे तीन आठवड्यांत, पट्टा पुसत गेला. आबा तेव्हापासून मला फोन करून विचारतात, "आज अकराचा फोटो आला का रं?"

मध्यंतरी एका कंपनीचं पैशाचं ॲप घेऊन बघितलं होतं, नाव घेत नाही. एकराच्या हिशोबानं वर्षाचे पैसे भरून घेतले आणि दाखवत काय होते तर हेच, त्याच तारखा, तेच १० मीटरचे चौकोन, वर नुसता गुळगुळीत रंग फिरवलेला म्हणजे चौकोन दिसू नयेत. सल्ला द्यायला माणूस मिळणार होता तो सहा महिन्यांत एकदापण आला नाही. माणूस खरंच शेतात येऊन सल्ला देत असेल तर त्याचे पैसे जरूर द्यावेत, पण नुसत्या फोटोला पैसे देऊ नका.

मग मला प्रश्न पडला की हे फुकट का आहे? एवढे महागडे उपग्रह, आणि मोहोळच्या उसाचा फोटो मला एक रुपया न घेता का देतायत? त्यावर वाचत गेलो आणि खरं सांगायचं तर हा रिव्ह्यू लिहायचं खरं कारण तेच आहे.

अमेरिकेचा लँडसॅट १९७२ पासून पृथ्वीचे फोटो काढतोय, पण कितीतरी वर्षं ते विकत घ्यायला लागायचे, लँडसॅट-७ चा एक फोटो सहाशे डॉलरला होता. २००८ ला त्यांनी सगळा साठा फुकट केला आणि वापर कित्येक पटींनी वाढला, कारण एक-एक फोटो जपून घेणारा संशोधक आता एकाच जागेचे तीस वर्षांचे फोटो ओळीनं लावून बघू शकत होता. नदी कुठं सरकली, तलाव किती आटला, शहर कुठं पसरलं. युरोपनं सेंटिनेल सोडताना पहिल्यापासून तेच धोरण ठेवलं. आणि पुढं अमेरिकेच्या नासानं दोघांचे फोटो एकाच मापाला आणून जुळवलेत, म्हणजे लँडसॅट आणि सेंटिनेल एकत्र धरले की त्याच शेतावर दोन-तीन दिवसांनी नजर फिरते. एकट्या देशाला हे नुसत्या पैशाच्या जोरावर करायचं तर दुप्पट उपग्रह लागले असते.

फोटोचा प्रवासपण बघण्यासारखा आहे. मंगळवेढ्याच्या ज्वारीवरून गेलेला उपग्रह खाली डेटा टाकतो तो पार नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटावर, उत्तर ध्रुवाजवळ, नाहीतर इटलीत मातेराला किंवा स्पेनच्या मास्पालोमासला, जिथलं स्टेशन त्याला आधी दिसेल तिथं. तिथून तो प्रोसेस होऊन माझ्या टेबलावर येतो. मार्च २०१८ ला भारताच्या अंतराळ विभागानं आणि युरोपियन कमिशननं करार केला, आपण आपल्या उपग्रहांचा डेटा त्यांना द्यायचा, त्यांनी सेंटिनेलचा आपल्याला. म्हणजे आपण नुसते घेणारे नाही. वाऱ्याचंच बघा, समुद्रावरचा वारा मोजणारा अमेरिकेचा क्विकस्कॅट नोव्हेंबर २००९ ला बंद पडला, तेव्हा आपला ओशनसॅट-२ नुकताच सप्टेंबरमध्ये वर गेला होता आणि त्यानं मोजलेला वारा बाहेरच्या देशांतल्या वादळाच्या अंदाजांनापण कामाला आला. हे वाचलं तेव्हा मला लई बरं वाटलं.

पावसाचं तर याहून पुढचं आहे. शेतकरी मला सगळ्यात जास्त विचारतात ते पाऊस किती झाला, त्यासाठी मी जीपीएम नावाच्या मोहिमेचा नकाशा बघतो, तोपण फुकट. नासा आणि जपानची जाक्सा यांनी मिळून २०१४ ला जपानच्या तानेगाशिमाहून एक मुख्य उपग्रह सोडला, त्याच्यावर पावसाचा रडार जपानचा. पण एक उपग्रह सगळीकडं सारखा कसा पोचणार, म्हणून अमेरिका, जपान, युरोप, फ्रान्स, भारत अशा सगळ्यांच्या उपग्रहांची मोजणी त्या मुख्य उपग्रहाशी ताडून जुळवतात आणि दर अर्ध्या तासाचा जवळजवळ सगळ्या जगाचा पाऊस तयार होतो. त्या गोतावळ्यात आपला मेघा-ट्रॉपिक्सपण होता, इस्रो आणि फ्रान्सनं मिळून केलेला, २०११ ला श्रीहरिकोट्याहून गेला आणि मार्च २०२३ ला इस्रोनं त्याला व्यवस्थित समुद्रावर उतरवून नष्ट केला. एक लक्षात ठेवा, या नकाशाचा चौकोन साधारण १० किलोमीटरचा आहे. आपल्याकडं रस्त्याच्या अलीकडं पाऊस आणि पलीकडं फुफाटा असं होतं, ते यात दिसणार नाही. महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकाचा आकडा सोबत धरायचाच.

आणि एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. रोज सकाळी साडेपाच आणि संध्याकाळी साडेपाच, आपल्या घड्याळानं, जगभरातल्या हवामान केंद्रांवरून फुगे सोडतात, खाली यंत्र बांधलेलं, ते वर जाताना हवेचं तापमान, ओल, वारा सांगत जातं. ज्या देशांचं एकमेकांशी अजिबात पटत नाही तेसुद्धा ही वेळ पाळतात आणि आकडे जागतिक हवामान संघटनेच्या जाळ्यात टाकतात. समुद्रात आर्गो नावाचे जवळपास ४००० फ्लोट, म्हणजे तरंगणारी यंत्रं, सोडून ठेवलेत, दर दहा दिवसांनी २००० मीटर खोल जाऊन पाणी किती गरम, किती खारट ते मोजून वर येतात, त्यातले हिंदी महासागरातले काही आपल्या हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्राची माहिती देणाऱ्या संस्थेनं सोडलेले. आपला मान्सून त्याच समुद्रातून उठतो. यातला एक जरी देश म्हणाला की माझे आकडे मी देणार नाही, तर अंदाजात तेवढ्या जागी भोक पडतं, आणि ढगाला तर हद्द नसतेच.

देशोदेशीची माणसं अशी एकत्र येताना आपल्या जिल्ह्यानं फार पूर्वी बघितलंय. २२ जानेवारी १८९८ चं खग्रास सूर्यग्रहण करमाळा तालुक्यातल्या जेऊरवरून गेलं होतं. पुण्याहून कावसजी नायगमवाला आपली दुर्बीण आणि माणसं घेऊन आले, आणि कॅलिफोर्नियाच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल पार तिकडून जहाजानं ४० फूट लांबीचा कॅमेरा आणून जेऊरलाच उतरले. सूर्याचा प्रभामंडल दोन मिनिटं दिसणार म्हणून. पुण्याला जाताना जेऊर स्टेशन आलं की मला दरवेळी ते आठवतं.

आता पुराचं. सप्टेंबर २०२५ ला सीना नदीला जो पूर आला तो माढा-मोहोळकडचा कुणी विसरणार नाही. माझी ताई सीनेच्या काठाला दिलेली आहे. फोनवर एवढंच म्हणाली, "जनावरं काढली रे, बाकीचं सगळं पाण्यात हाय." मला जाता येईना, पुणे हायवेचीच वाहतूक थांबली होती. सेंटिनेल-२ उघडला तर सगळा जिल्हा पांढरा, नुसते ढग. तेव्हा सेंटिनेल-१ बघितला. तो रडार आहे, स्वतःची लहर सोडतो आणि परत आलेली मोजतो, त्याला ढग आडवा येत नाही की रात्र आडवी येत नाही. संथ पाण्यावर पडलेली लहर आरशावरून सरकल्यासारखी पलीकडं निघून जाते, परत येत नाही, म्हणून पाणी काळं दिसतं. नेहमी दोऱ्याएवढी दिसणारी सीना त्या फोटोत गोधडीएवढी रुंद आणि काळीकुट्ट. दाजींची विहीर, गोठा, खालचे सहा एकर, सगळं त्या काळ्यात. वरची वस्ती मात्र करड्या रंगात होती, म्हणजे कोरडी. ते बघून मी आईला सांगितलं की ताईचं घर वर आहे, पाणी तिथंपर्यंत नाही, आणि मग आई त्या दिवशी पहिल्यांदा जेवली.

म्हणून या रडारच्या बाबतीत मी जास्त हळवा आहे. सेंटिनेल-१ चे दोन उपग्रह होते, त्यातला एक डिसेंबर २०२१ ला वीजपुरवठा बिघडून बंद पडला. पुढचा लवकर वर पाठवायचं ठरलं. तो युरोपच्या व्हेगा-सी रॉकेटनं जायचा होता, तर ते रॉकेट डिसेंबर २०२२ ला दुसऱ्याच कामात फेल गेलं. शेवटी डिसेंबर २०२४ ला सेंटिनेल-१सी वर गेला. तीन वर्षं एकच डोळा. जगात बऱ्याच ठिकाणी फेऱ्या निम्म्यावर आल्या. तिकडं एक रॉकेट फेल गेलं तर इकडं पुरात माणूस आंधळा होतो, हे मला तेव्हा कळलं.

दोन देशांनी मिळून रडार वर पाठवल्याचं उदाहरणपण आहे. ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोट्याहून निसार गेला. त्यात दोन रडार आहेत, एल-बँडचा नासानं केला, एस-बँडचा इस्रोनं, १२ मीटरची जाळीची छत्री अमेरिकेची, रॉकेट आपलं जीएसएलव्ही. करार २०१४ ला झाला होता, म्हणजे अकरा वर्षं दोन्हीकडचे इंजिनियर एकाच यंत्रावर राबले. १९६३ ला थुंब्याहून आपलं पहिलं रॉकेट उडालं तेव्हा रॉकेट अमेरिकेचं आणि त्यातलं सामान फ्रान्सचं होतं, आता अमेरिकेचा रडार आपल्या रॉकेटवर बसून गेला. एल-बँडची लहर लांब असते, उसाच्या पाल्यात अडकत नाही, खालच्या ओलीचा अंदाज देते, आणि जमीन सेंटिमीटरमध्ये खचली-उचलली तरी कळते. किल्लारीचा ३० सप्टेंबर १९९३ चा भूकंप आमच्या घरच्यांनी पहाटे अंगणात उभं राहून काढलाय, त्यामुळं जमिनीवर अशी नजर असणं आम्हाला महत्त्वाचं वाटतं. निसारचा डेटापण सगळ्यांना खुला, अमेरिकेत अलास्काच्या केंद्रातून आणि आपल्याकडं इस्रोच्या एनआरएससी केंद्राच्या भूनिधी पोर्टलवरून. ठिबकवाल्याला जमिनीतली ओल वरून कळायला लागली तर अजून काय पाहिजे.

आता ज्यात कमी पडतं ते सरळ सांगतो. मराठी नाही, इंग्रजीत बघावं लागतं, पण दहा-बारा शब्द पाठ झाले की भागतं, मी आबांच्या नातीला अर्ध्या तासात शिकवलं. जून ते सप्टेंबर ढगामुळं सेंटिनेल-२ वर भरवसा ठेवू नका, महिना-महिना स्वच्छ फोटो मिळत नाही. दहा गुंठ्याच्या तुकड्यात दहाच चौकोन येतात आणि त्यातले कडेचे बांधाशी मिसळतात, तिथं स्वतः फिरणंच बरं. डाळिंबात दोन ओळींमधली माती पण मोजली जाते, त्यामुळं आकडा कमी दिसला म्हणून घाबरू नका, मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी ताडा. ऊस भरात आला की एनडीव्हीआय सगळीकडं सारखाच गर्द दाखवतो, तेव्हा मॉइश्चर इंडेक्स लावा, त्यात पाण्याचा फरक दिसतो. आणि रोग कुठला, कीड कुठली, हे वरून कळत नाही. कुठं जाऊन बघायचं तेवढं कळतं, बघायचं आपल्यालाच आहे.

शेत नसलं तरी एकदा उजनी धरण उघडून बघा. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनी वजा साठ टक्क्यांच्या आसपास गेली होती, म्हणजे मृतसाठ्यातलं पाणीसुद्धा कमी झालेलं, तो मे महिन्याचा फोटो आणि धरण भरल्यानंतरचा फोटो एकावर एक ठेवून मधली पट्टी सरकवा. मे महिन्यात बॅकवॉटर आकसून जुन्या भीमेच्या पात्रात शिरलेलं, दोन्ही अंगाला गाळपेर दिसते. माझी पोरं अर्धा तास ती पट्टी इकडून तिकडं सरकवत बसली होती. शहरात नळाला पाणी कुठून येतं हे त्यांना पहिल्यांदा नीट कळलं.

पाचपैकी पाच स्टार. यात मी कुणाचा एजंट नाही.

दाजींच्या खालच्या सहा एकरांतलं माती वाहून गेलेलं रान तसंच पडलंय, उरलेल्यात गाळ बसला होता त्यात त्यांनी उशिरानं मालदांडी ज्वारी पेरली. मागच्या फोटोत त्यातले सात चौकोन फिकट हिरवे झालेत. ताईला पाठवला तर तिनं लगेच विचारलं, विहिरीजवळचं उगवलंय का बघ. विहिरीजवळचं अजून दिसत नाही. पुढची फेरी परवा अकराला आहे.